पायथनमध्ये वेब हेडर वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या रविवारच्या पायथन वर्गात दोन प्रकल्प दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. एक, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वाचून गावाच्या ग्रुपवर टाकणारा प्रोग्रॅम. दुसरा, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे दर गोळा करणारा. पान मागवणं सगळ्यांना पटकन जमतं. गाडी अडते ती हेडरपाशी, म्हणजे पानाच्या मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळींपाशी. तिथे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्ट्रिंग, बाइट्स, डिक्शनरी आणि फंक्शन येत असेल तर एवढ्यावर सगळं समजेल.

हेडर, मोड्यूल आणि फंक्शन यांची नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. कोडमध्ये नावं रोमन लिपीतच आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.

हेडर नेमके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात?

एचटीटीपी म्हणजे वेबवर रिक्वेस्ट (मागणी) आणि रिस्पॉन्स (उत्तर) पाठवण्याचे नियम. एचटीटीपी १.१ मध्ये रिक्वेस्टची पहिली ओळ मेथड, पत्ता आणि आवृत्ती सांगते. रिस्पॉन्सची पहिली ओळ आवृत्ती आणि स्टेटस कोड सांगते. ही पहिली ओळ हेडर नव्हे, ती वेगळी काढून ठेवा. तिच्यानंतर एका ओळीत एक असे हेडर येतात: नाव, त्याला चिकटून कोलन, मग व्हॅल्यू. प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या दोन बाइट्सनी संपते. पूर्ण रिकामी ओळ आली की हेडर संपले, पुढचं सगळं बॉडी.

एचटीटीपी/१.१ २०० ओके
डेट: मन, ०५ ऑग २०१९ ०५:३०:०० जीएमटी
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८
कंटेंट-लेंग्थ: १८

सांगली

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत हेडर नव्हतेच. पान मागायचं, पान यायचं, बस. १९९६ मध्ये आरएफसी १९४५ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) १.० आवृत्ती नोंदवली, तिच्यात ते होते. आज लागू असलेले नियम जून २०२२ मध्ये निघालेल्या आरएफसी ९११० आणि ९११२ मध्ये आहेत. ९११० मध्ये प्रत्येक हेडरचा अर्थ आहे, ९११२ मध्ये १.१ ची मांडणी. ९११२ चा पाचवा विभाग छोटा आहे आणि तो मुळातून वाचावा असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

ओळी तोडायच्या आणि कोलनवर स्प्लिट करायचं. एवढ्याने भागत नाही का?

दहा-वीस पानांवर भागतं. मग एक दिवस मराठी मजकूर येतो आणि प्रोग्रॅम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही आणि चुकीचं उत्तर देत राहतो.

सोपी चूक आधी. कोलन व्हॅल्यूतही असतो. होस्ट हेडरमध्ये 'लोकलहोस्ट:८०००' येतं, डेट हेडरच्या वेळेत तर दोन कोलन असतात. म्हणून फक्त पहिल्या कोलनवर तोडायचं. पायथनमध्ये त्यासाठी पार्टिशन हे फंक्शन स्प्लिटपेक्षा चांगलं, कारण कोलन सापडलाच नाही तर तेही लगेच कळतं.

आता खरी गोम. बरेच जण आलेले बाइट्स आधी लॅटिन-१ (एका बाइटचं एक चिन्ह मानणारं जुनं एन्कोडिंग) म्हणून डिकोड करतात आणि त्या स्ट्रिंगवर स्प्लिटलाइन्स चालवतात. लॅटिन-१ मध्ये कुठलाही बाइट चालतो, एरर येत नाही, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण पायथनच्या स्ट्रिंगवरचं स्प्लिटलाइन्स केवळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीडवर तोडत नाही. हेक्स ८५ या कॅरेक्टरलाही ते नवी ओळ समजतं. आणि यूटीएफ-८ मध्ये 'अ' हे अक्षर लिहिलं जातं ते ई०, ए४, ८५ या तीन बाइट्सनी. म्हणजे एखाद्या सर्व्हरने हेडरमध्ये कच्चं मराठी पाठवलं आणि त्यात 'अ' आला, की तुमची ओळ बरोबर त्या अक्षराच्या पोटात तुटते. 'बॅग', 'मॅच' यांतल्या चंद्राचंही तेच. त्याचा शेवटचा बाइट ८५ च आहे.

स्ट्रिपची गोष्ट आणखी चकवणारी. व्हॅल्यूच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा काढायची असते, आपण सहज स्ट्रिप लिहितो. पण आत काही न देता चालवलेलं स्ट्रिप हेक्स ए० लाही मोकळी जागा समजून उडवतं. 'ठ' या अक्षराचे बाइट्स आहेत ई०, ए४, ए०. तेव्हा 'शिवाजी विद्यापीठ' अशी व्हॅल्यू आली तर तिचा शेवटचा बाइट गायब होतो, आणि पुढे यूटीएफ-८ मध्ये फिरवताना एरर येते. एरर डिकोडच्या ओळीवर दिसते, चूक असते स्ट्रिपच्या ओळीवर, आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय: डिकोड करण्याआधी बाइट्सवरच काम करा. बाइट्सवरचं स्प्लिटलाइन्स ८५ ला हात लावत नाही. आणि स्ट्रिपला काय काढायचं ते स्पष्ट सांगा: फक्त स्पेस आणि टॅब. नियमांनीही तेवढ्यालाच मोकळी जागा मानलं आहे.

काही सर्व्हर हेडरचं नाव कॅपिटल अक्षरांनी सुरू करतात, काही सगळं स्मॉल लिहितात. कुठलं बरोबर?

दोन्ही. नावांत कॅपिटल-स्मॉल असा भेद नाही. स्वतः साठवत असाल तर नाव स्मॉल करून साठवा. पान मागवायला वापरतात त्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा हेडरांचा डिक्शनरी हा भेद आपोआप विसरतो, पण तो साध्या डिक्शनरीत रूपांतरित केलात की ती सोय गेली. हे वर्गात दर वेळी कुणाच्या तरी कोडमध्ये सापडतं.

जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये जुन्या पद्धतीने मेटा डिक्शनरीतून हेडर काढत असाल तर नाव कॅपिटल, आधी 'एचटीटीपी' आणि हायफनच्या जागी अंडरस्कोअर असं बदललेलं मिळतं. फक्त कंटेंट-टाइप आणि कंटेंट-लेंग्थ या दोघांना तो उपसर्ग लागत नाही. या बदलात एक धोका आहे. हायफनवालं नाव आणि अंडरस्कोअरवालं नाव दोन्ही एकाच किल्लीवर येऊन बसतात, म्हणजे बाहेरचा माणूस अंडरस्कोअरवालं नाव पाठवून आतला खरा हेडर झाकू शकतो. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर अंडरस्कोअर असलेले हेडर मुळातच टाकून देतो, ते याचसाठी. ती सेटिंग 'माझा हेडर पोचत नाही' म्हणून बदलू नका. हेडरचं नाव बदला.

नाव आणि कोलन यांच्यात स्पेस आली, किंवा ओळच स्पेसने सुरू झाली तर?

पहिल्या बाबतीत सर्व्हरने ४०० ('चुकीची रिक्वेस्ट') हा स्टेटस देऊन रिक्वेस्ट नाकारायची, असा स्पष्ट नियम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जुनी घडी घालण्याची पद्धत: लांब व्हॅल्यू पुढच्या ओळीवर न्यायची आणि ती ओळ स्पेस किंवा टॅबने सुरू करायची. ती आता बाद झाली आहे. सर्व्हरने अशी रिक्वेस्ट एकतर नाकारावी, नाहीतर घडीच्या जागी स्पेस घालून मगच पुढे जावं. तुम्ही नाकाराच.

'थोडं समजून घेतलं तर काय बिघडलं?' हा प्रश्न लगेच येतो, आणि त्याला मोठी परंपरा आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये आरएफसी ७६१ मध्ये लिहिलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. इंटरनेट पसरायला त्या उदारपणाची मदत झाली. पण हेडरच्या बाबतीत तो उदारपणा महागात पडला, कारण एक रिक्वेस्ट आता एकच प्रोग्रॅम वाचत नाही. मध्ये प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) असतो, कॅश (आधीचे रिस्पॉन्स साठवून ठेवणारी) असते, मग सर्व्हर, मग तुमचं कोड. प्रत्येकाने आपापल्या परीने समजून घेतलं तर चौघांना चार वेगळे अर्थ लागतात. त्या फटीतून हल्ले होतात. त्याविषयी खाली लिहिलं आहे.

एकच हेडर दोनदा आला तर पहिला घ्यायचा की शेवटचा?

सहसा दोन्ही. ज्या हेडरची व्हॅल्यू म्हणजे यादी असते त्याच्या सगळ्या व्हॅल्यू आल्या त्या क्रमाने स्वल्पविरामाने जोडता येतात. कॅश-कंट्रोल दोन ओळींत आला काय आणि एका ओळीत आला काय, अर्थ एकच.

सेट-कुकी (सर्व्हर ब्राउझरला लक्षात ठेवायला देतो ती छोटी माहिती, म्हणजे कुकी, ज्यात येते तो हेडर) मात्र कधीही जोडायचा नाही. त्याच्यात एक्स्पायर्सची तारीख असते आणि तारखेत वाराच्या नावानंतर स्वल्पविराम असतो. एकदा जोडलं की कुठला स्वल्पविराम तारखेचा आणि कुठला दोन कुकींमधला हे खात्रीने सांगता येत नाही. रिक्वेस्ट्समध्ये हेडरांच्या डिक्शनरीतून सेट-कुकी काढलात तर तो जोडलेलाच मिळतो. कुकी हव्या असतील तर रिस्पॉन्सच्या कुकीज या गुणधर्मातून घ्या. कच्च्या ओळीच पाहायच्या असतील तर रॉ मधल्या हेडरांवर गेटलिस्ट वापरा. पायथनच्या मूळ एचटीटीपी-क्लायंट मोड्यूलमध्ये हेच काम गेट-ऑल करतं.

होस्ट हेडर दोनदा आला किंवा आलाच नाही, तर १.१ चा सर्व्हर ४०० देतो. तिथे निवडायला वावच नाही.

पान ब्राउझरमध्ये नीट मराठी दिसतं, पण पायथनमध्ये रोमन अक्षरांचा चिवडा येतो. का?

हा वर्गातला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. मराठी, हिंदी, तमिळ, कुठलीही भारतीय लिपी वाचणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा येतोच, आणि इंग्रजी पानांवर सराव केलेल्याला तो कधीच दिसत नाही. म्हणून इंग्रजीतल्या बहुतेक पाठांत याच्यावर एखादीच ओळ असते.

कारण कंटेंट-टाइपमध्ये आहे. हा हेडर 'टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८' असा यायला हवा. पुष्कळ सर्व्हर अर्धविरामापुढचा भाग, म्हणजे मजकुराचं एन्कोडिंग सांगणारा चारसेट, पाठवतच नाहीत. मग रिक्वेस्ट्स लायब्ररी काय करते? प्रकार 'टेक्स्ट' आहे आणि चारसेट नाही, असं दिसलं की ती आयएसओ-८८५९-१, म्हणजे वरचंच लॅटिन-१, गृहीत धरते. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये तसा नियम होता. २०१४ मध्ये आलेल्या आरएफसी ७२३१ ने तो काढून टाकला, पण लायब्ररीत ती सवय उरली आहे. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे एका अक्षराची तीन चिन्हं होतात. दिसणाऱ्या ओळीत दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' असेल तर हेच झालं आहे असं समजा, कारण तो ई० हा बाइट आहे आणि आपल्या सगळ्या अक्षरांची सुरुवात त्यानेच होते.

ब्राउझरमध्ये नीट दिसतं, कारण हेडरमध्ये चारसेट नसेल तर ब्राउझर पानाच्या आतला मेटा टॅग पाहतो. रिक्वेस्ट्स तो पाहत नाही.

उपाय दोन. पान यूटीएफ-८ मध्ये आहे याची खात्री असेल तर टेक्स्ट वाचण्याआधी रिस्पॉन्सचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून टाका. नसेल, तर टेक्स्ट वापरूच नका. कंटेंटमधले कच्चे बाइट्स ब्यूटिफुल सूपला (एचटीएमएल वाचणारी लायब्ररी) द्या, तो मेटा टॅग पाहून ठरवतो. बिघडलेली स्ट्रिंग आधीच साठवून ठेवली असेल तर बहुधा ती परत मिळवता येते: लॅटिन-१ मध्ये एन्कोड करायची आणि यूटीएफ-८ मध्ये डिकोड करायची. मात्र त्याआधी तिच्यावर वर सांगितलेलं स्ट्रिप चाललेलं नसावं.

कंटेंट-टाइप अर्धविरामावर तोडून चारसेट काढला तर चालेल ना?

बहुतेकदा चालेल, पण पॅरामीटरची व्हॅल्यू दुहेरी अवतरणात असू शकते आणि अवतरणाच्या आत अर्धविराम असू शकतो. शिवाय अवतरणाच्या आत बॅकस्लॅश पुढच्या चिन्हाला सोडवतो. पॅरामीटरचं नाव कुठल्याही अक्षरांत येतं, 'यूटीएफ-८' हेही कुणी कॅपिटल तर कुणी स्मॉल लिहितं.

जुन्या पुस्तकांत यासाठी सीजीआय मोड्यूलमधलं पार्स-हेडर सांगितलेलं असतं. ते मोड्यूल पायथन ३.११ मध्ये नापसंत ठरवलं आणि ३.१३ मध्ये काढून टाकलं. आता ईमेल पॅकेजमधला मेसेज हा क्लास वापरायचा: रिकामा मेसेज तयार करा, त्यात कंटेंट-टाइप घाला, मग गेट-कंटेंट-टाइप आणि गेट-पॅराम यांनी तुकडे मागा. वेबसाठी ईमेलचं पॅकेज पाहून मुलं बुचकळ्यात पडतात. पण एचटीटीपीच्या हेडरांची मांडणी ईमेलवरूनच घेतलेली आहे, आणि पायथनचं एचटीटीपी-क्लायंट आतून ईमेलचाच पार्सर वापरतं.

कंटेंट-लेंग्थ १८ आहे, पण 'सांगली' मोजलं तर लेन ६ देतं. सर्व्हर चुकला का?

नाही. कंटेंट-लेंग्थ बाइट्स मोजतं. स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी अशी सहा युनिकोड चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणून १८. 'मिरज' चे १२, 'हळद' चे ९. स्वतः रिस्पॉन्स पाठवताना स्ट्रिंगची लांबी लिहिलीत तर समोरच्याला सहा बाइट मिळतील, म्हणजे फक्त 'सा', आणि उरलेले बारा बाइट त्याच कनेक्शनवरच्या पुढच्या रिस्पॉन्सच्या तोंडावर येऊन पडतील.

उलट बाजूचा गोंधळ असा: रिस्पॉन्स जीझिपने दाबलेला असेल तर कंटेंट-लेंग्थ दाबलेल्या बाइट्सचा असतो, आणि रिक्वेस्ट्स तुम्हाला उलगडलेला मजकूर देते. दोन आकडे जुळत नाहीत ते यामुळे.

हा आकडा वाचताना पायथनच्या इंटवर डोळे झाकून विसंबू नका. इंट फार मनमिळाऊ आहे: ते अधिकचं चिन्ह चालवून घेतं, आजूबाजूच्या स्पेस चालवून घेतं, अंकांमधला अंडरस्कोअर चालवून घेतं, एवढंच काय, देवनागरी '१८' सुद्धा मान्य करतं. इझ-डिजिट लावून आधी तपासलं तरी देवनागरी अंक पास होतात, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं अंकाचं चिन्हही स्ट्रिंगवर त्यांना पकडतं. फॉर्ममध्ये कुणी मराठीत वय लिहिलं तर हा गुण सोन्यासारखा. कंटेंट-लेंग्थमध्ये मात्र केवळ इंग्रजी शून्य ते नऊ चालतात. पुन्हा तेच: बाइट्सवर तपासा. बाइट्सचं इझ-डिजिट फक्त आस्की अंकांनाच हो म्हणतं.

कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग दोन्ही आले तर?

थांबा आणि नाकारा.

बॉडी कुठे संपते हे सांगण्याचे हे दोन मार्ग आहेत. कंटेंट-लेंग्थ आकडा देतो. ट्रान्सफर-एन्कोडिंग 'चंक्ड' असेल तर बॉडी तुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी हेक्समध्ये, आणि शून्य लांबीचा तुकडा म्हणजे शेवट. दोन्ही एकत्र आले आणि पुढच्या प्रॉक्सीने एक मानलं, मागच्या सर्व्हरने दुसरं, तर एका रिक्वेस्टची शेपटी मागच्या सर्व्हरला नवी रिक्वेस्ट वाटते. हल्लेखोर ती शेपटी स्वतः लिहितो, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी रिक्वेस्टला जाऊन चिकटते. याला रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात. २००५ मध्ये वॉचफायर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, २०१९ मध्ये पोर्टस्विगर या दुसऱ्या सुरक्षा कंपनीच्या जेम्स केटल यांनी ते आजच्या मोठ्या साइट्सवरही चालतं हे दाखवलं.

नियम म्हणतो की दोन्ही असतील तर ट्रान्सफर-एन्कोडिंग वरचढ, सर्व्हरने नाकारलं तरी चालेल, आणि उत्तर दिलंच तर त्यानंतर कनेक्शन बंद करायचं. नाकारणं सोपं आणि सुरक्षित. दोन कंटेंट-लेंग्थ वेगवेगळ्या आकड्यांचे आले तरीही नाकारायचंच. यात 'बहुधा दुसरा बरोबर असेल' असा अंदाज कुणी करू नये, कारण तुमच्या पुढच्या प्रॉक्सीने बहुधा पहिला धरलेला असतो.

मराठी नावाची फाइल डाउनलोड करताना नाव बिघडतं. दोन्ही बाजूंनी काय करायचं?

नाव कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये असतं आणि तिथे दोन पॅरामीटर येऊ शकतात. साधा 'फाइलनेम', जो आस्कीपुरता (साध्या इंग्रजी अक्षरांपुरता) भरवशाचा. आणि 'फाइलनेम' पुढे तारांकन असलेला, ज्यात आधी यूटीएफ-८, मग दोन एकेरी अवतरणं, मग टक्क्याच्या चिन्हांनी लिहिलेले बाइट्स असतात. 'हळद' असेल तर ते ई०, ए४, बी९, मग ई०, ए४, बी३, मग ई०, ए४, ए६ असे नऊ बाइट्स, प्रत्येकाआधी टक्का. ही पद्धत २०१७ च्या आरएफसी ८१८७ मध्ये आहे. दोन्ही आले तर तारांकनवाला घ्यायचा.

वाचताना ईमेल मेसेजचं गेट-फाइलनेम तारांकनवाला पॅरामीटर उलगडून देतं, पण दोन्ही आले असतील तर ते साधाच देऊ शकतं. पाठवताना जँगोचा फाइलरिस्पॉन्स योग्य तोच हेडर तयार करतो. आलेलं नाव जसंच्या तसं डिस्कवर वापरू नका. त्यात फोल्डरच्या वर चढणारे दोन टिंब आणि स्लॅश असू शकतात. शेवटचा तुकडा तेवढा घ्या.

मग इतर हेडरमध्ये थेट मराठी लिहू का?

नको. पायथनचं एचटीटीपी-क्लायंट स्ट्रिंग व्हॅल्यू लॅटिन-१ मध्ये एन्कोड करायला जातं आणि मराठी दिसताच एरर देतं, ते योग्यच आहे. नव्या हेडरांनी आस्कीतच राहावं असं आरएफसी ९११० सांगतो. मजकूर टक्का-एन्कोड करा किंवा बॉडीत पाठवा. सप्टेंबर २०२४ च्या आरएफसी ९६५१ ने संरचित हेडरांसाठी 'डिस्प्ले स्ट्रिंग' हा प्रकार आणला आहे, त्यात कुठलीही लिपी टक्का-एन्कोड करून ठरलेल्या रीतीने जाते. आपल्यासारख्यांसाठी ही चांगली बातमी आहे.

कुणी कच्चं मराठी पाठवलंच, तर डब्ल्यूएसजीआयवर (पायथनचं वेब ॲप आणि सर्व्हर यांना जोडणारी पद्धत) चालणाऱ्या जँगो किंवा फ्लास्कमध्ये ते लॅटिन-१ च्या वेषात पोचतं. वर सांगितलेल्या रीतीने परत फिरवा.

पातळीचं पान ताजं आहे की जुनं, हे हेडरवरून कळतं का?

काही अंशी, आणि हा भाग प्रत्येकाने सावकाश वाचावा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्या प्रोग्रॅमने तीन तासांपूर्वीचा आकडा आत्ताचा म्हणून ग्रुपवर टाकला, तर कुणीतरी त्यावर विसंबून जनावरं हलवायचं थांबवेल.

चार गोष्टी पाहायच्या. डेट म्हणजे सर्व्हरने रिस्पॉन्स तयार केला ती वेळ. एज असेल तर रिस्पॉन्स मधल्या कुठल्यातरी कॅशमधून आला आहे आणि तो अंदाजे किती सेकंद जुना आहे ते हा आकडा सांगतो. कॅश-कंट्रोलमधला मॅक्स-एज तो किती सेकंद ताजा मानावा हे सांगतो. लास्ट-मॉडिफाइड म्हणजे पान शेवटचं बदललं ती वेळ. पान बदललं म्हणजे पातळी मोजली असं मुळीच नाही, कुणी नुसतं शीर्षक दुरुस्त केलं तरी ती वेळ पुढे सरकते. म्हणून मोजणीची वेळ पानातल्या मजकुरातून काढा, ग्रुपवर आकड्यासोबत तीच छापा, आणि ती सापडली नाही तर आकडा टाकूच नका.

तारखा जीएमटीमध्ये असतात. वरच्या नमुन्यातले ०५:३० म्हणजे आपले सकाळचे ११. इंग्रजी वार-महिन्यांची नावं ठरलेली आहेत, म्हणून एसटीआरपीटाइम वापरू नका. प्रोग्रॅममध्ये लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी केलेली असेल तर ते 'मन' ओळखणार नाही. ईमेल-युटिल्समधलं पार्सडेट-टू-डेटटाइम वापरा, ते भाषेच्या सेटिंगकडे पाहत नाही आणि टाइमझोनसह वेळ देतं.

पान वारंवार मागवायचं तर मागच्या वेळचा लास्ट-मॉडिफाइड जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, इफ-मॉडिफाइड-सिन्समध्ये परत पाठवा. काही बदललं नसेल तर ३०४ येतो, बॉडीशिवाय. पुराच्या दिवसांत सगळा जिल्हा त्या पानावर असतो, तेव्हा ही बचत सर्व्हरला खरोखर उपयोगी पडते. ४२९ किंवा ५०३ आला तर रिट्राय-आफ्टर पाहा. त्यात सेकंद असू शकतात किंवा पूर्ण तारीख, तुमच्या कोडने दोन्ही वाचावं आणि तेवढा वेळ थांबावं.

वाचकाला मराठी हवं की इंग्रजी, हे ॲक्सेप्ट-लँग्वेजवरून कसं ठरवायचं?

स्वल्पविरामावर तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात भाषेचा टॅग आणि असलाच तर क्यू, म्हणजे पसंतीचा आकडा. क्यू शून्य ते एक, जास्तीत जास्त तीन दशांश. नसेल तर एक. क्यू शून्य म्हणजे 'ही भाषा नको', तो तुकडा गाळा. उतरत्या क्रमाने लावा. टॅग 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) आला आणि तुमच्याकडे नुसतं 'एमआर' असेल तर ते चालवा. रिस्पॉन्समध्ये व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज घालायला विसरू नका, नाहीतर मधली कॅश एकाचं इंग्रजी पान दुसऱ्याला देईल.

एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला पहिला आयपी पत्ता खऱ्या माणसाचाच असतो ना?

तो कुणीही हाताने लिहून पाठवू शकतो. प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता उजवीकडे जोडत जातो, म्हणून भरवसा उजवीकडून मोजायचा: तुमच्या स्वतःच्या ताब्यातले जितके प्रॉक्सी आहेत तितकेच पत्ते खरे. त्यांच्या डावीकडचं सगळं ऐकीव.

वापरणाऱ्याने दिलेला मजकूर हेडरमध्ये घालताना काय जपायचं?

त्यात कॅरेज रिटर्न, लाइन फीड किंवा शून्य बाइट असेल तर सरळ एरर द्या. ते गाळून पुढे जाऊ नका. ओळ मोडता आली की पुढचा हेडर हल्लेखोर लिहितो.

हेडर किती मोठे असू शकतात?

नियमात कमाल मर्यादा नाही, प्रत्येक प्रोग्रॅमची असते. अपाची हा वेब सर्व्हर एका हेडरला ८१९० बाइट आणि एकूण १०० हेडर देतो. पायथनचं एचटीटीपी-क्लायंट एका ओळीला ६५,५३६ बाइट आणि १०० हेडर. मोठे झाले तर ४३१ हा स्टेटस आहे. स्वतःच्या पार्सरलाही मर्यादा घाला. जी रिकामी ओळ कधी येतच नाही तिची वाट पाहत मेमरी भरू देऊ नका.

एचटीटीपी २ मध्ये हे सगळं बदलतं का?

तारेवरची मांडणी बदलते. ओळी नसतात, हेडर एचपॅकने दाबून बायनरीत जातात, नावं स्मॉलच असावी लागतात, आणि पहिल्या ओळीच्या जागी कोलनने सुरू होणारी मेथड, पाथ, स्टेटस अशी नावं येतात. ते लायब्ररीकडून वाचून घ्या. अर्थ मात्र आरएफसी ९११० चेच, त्यामुळे व्हॅल्यू वाचण्याविषयीचं वरचं सगळं लागू आहे.

मी शिकण्यासाठी पार्सर लिहिला आहे. तो बरोबर आहे हे कसं तपासू?

लिहिलात हे छान केलंत. रोजच्या कामाला लायब्ररी वापरा, पण एकदा लिहिल्याशिवाय तिच्या एरर समजत नाहीत. आधी कर्ल या कमांडला व्हर्बोज पर्याय देऊन दोन-चार साइट्सचे खरे हेडर पाहा. मग चाचण्यांत हे घाला: कोलन नसलेली ओळ, कोलनआधी स्पेस, रिकामी व्हॅल्यू (ही वैध आहे), दोन सेट-कुकी, दोन वेगळे कंटेंट-लेंग्थ, देवनागरी अंकांचा कंटेंट-लेंग्थ, 'अ' ने सुरू होणारी आणि 'ठ' ने संपणारी कच्ची मराठी व्हॅल्यू.

शेवटी तोच इनपुट एकदा एकगठ्ठा आणि एकदा एकेक बाइट करून द्या. सॉकेटवरून मजकूर कुठेही तुटून येतो. दोन्ही वेळा उत्तर एक आलं नाही तर रिकामी ओळ शोधणारं कोड आधी पाहा: कॅरेज रिटर्न एका तुकड्याच्या शेवटी राहिलेलं असतं आणि लाइन फीड पुढच्या तुकड्यात आलेलं असतं.